रुग्णाच्या खाटेपाशी शिकवणारी नर्स

मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटलं की घरात एक प्रश्न हमखास निघतो: नोकरी लागेल, पण पुढे काय? चाळिशीतही नाइट ड्यूट्याच करत राहायच्या का? प्रश्न रास्त आहे. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी बढती होत जाते. खासगीत स्टाफ नर्स, इन्चार्ज, सुपरवायझर, मेट्रन. ही झाली प्रशासनाची वाट. शिकवण्याची दुसरी एक वाट आहे आणि ती फार थोड्या पालकांना ठाऊक असते. ती मुलींसाठी जितकी खुली आहे तितकीच ‘ब्रदर’ म्हणून काम करणाऱ्या मुलांसाठीही.

शिकवणाऱ्या नर्स किती प्रकारच्या?

नर्सिंग कॉलेजातली ट्यूटर, सरकारी भाषेत पाठ्यनिर्देशिका, वर्गात शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डातही जाते. क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचं काम मुख्यतः वॉर्डातच चालतं. नर्स एज्युकेटर ही रुग्णालयाच्या नोकरीत असते. नव्या भरतीचं इंडक्शन, नवं यंत्र आलं की त्याचं प्रशिक्षण, औषधं देताना झालेल्या चुकांचा आढावा ही तिची कामं. रुग्णालयाच्या दर्जाचं एनएबीएच मानांकन हवं असेल तर रुग्णालयाला कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी दाखवाव्या लागतात, त्यामुळे मोठ्या रुग्णालयांत या पदाला वजन आलं आहे.

प्रिसेप्टर मात्र वॉर्डातलीच नर्स. स्वतःचे रुग्ण सांभाळत ती एका नवख्या नर्सला काही आठवडे आपल्याबरोबर ड्यूटीला घेते, तिच्याकडून काम करून घेते आणि ती एकटीने रुग्ण सांभाळायला तयार झाली की नाही यावर आपलं मत देते.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं?

पोटॅशियम कमी झालेल्या रुग्णाची ऑर्डर आहे: ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराइड, चार तासांत. नवी नर्स अँप्युल हातात घेते. घाईतली सीनियर ते काढून घेईल आणि स्वतःच सगळं उरकेल. प्रिसेप्टर विचारते, “पंपाला रेट किती लावशील?”

“ताशी १२५.”

“कसा काढलास?”

“पाचशेला चाराने भागलं.”

“बरोबर. आणि लावायच्या आधी काय बघशील?”

इथे ती अडखळते. मग प्रिसेप्टर सांगते, “लघवी किती झालीय ते बघ. किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे औषध सिरिंजने थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, त्याने रुग्ण दगावतो. आणि सलाइनमध्ये टाकल्यावर बाटली नीट उलटसुलट करून मिसळ, नाहीतर ते तळाशी राहतं आणि सुरुवातीलाच जास्त जातं.”

एवढ्या बोलण्यात पाच गोष्टी झाल्या: तिचा निर्णय विचारला, त्यामागचं कारण विचारलं, बरोबर होतं त्याला बरोबर म्हटलं, राहून गेलेलं दाखवलं आणि पुढच्या प्रत्येक वेळी लागू पडेल असा नियम दिला. ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ नावाची ही पद्धत १९९२ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी मांडली गेली आणि पुढे नर्सिंगनेही उचलली. वॉर्डात शिकवायला वेगळा तास मिळत नाही, म्हणून ती इतकी उपयोगी.

अनुभव आहे, मग प्रशिक्षण कशाला?

पट्टीच्या पोहणाऱ्याला पोहणं शिकवता येईलच असं नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात नर्सच्या जडणघडणीच्या पाच पायऱ्या मांडल्या. शेवटच्या पायरीवरच्या नर्सला रुग्णाकडे नुसतं पाहून कळतं की काहीतरी बिघडतंय, पण कशावरून कळलं ते तिला सांगता येत नाही. नवखीला नेमकं तेच हवं असतं. आपल्या हाताला आणि डोळ्याला जे आपोआप येतं ते शब्दांत मांडणं, हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

त्यापलीकडे आणखी चार गोष्टी शिकाव्या लागतात: कौशल्याचे टप्पे पाडणं, चेकलिस्ट घेऊन निःपक्षपाती मूल्यमापन करणं, रुग्णासमोर अपमान न करता चूक दाखवणं, आणि मॅनिकिनवर, म्हणजे मानवी पुतळ्यावर, सराव घेऊन नंतर त्यावर चर्चा घडवणं. मूल्यमापनासाठी ओस्की ही, टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष कौशल्य करून दाखवायची, परीक्षापद्धत यावीच लागते. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे ती मांडली. ब्रिटनमध्ये नोंदणी हवी असलेल्या भारतीय नर्सनाही आज ओस्की द्यावी लागते.

हे सगळं का करायचं? मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं की, कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात दिसलेलं यांतली दरी नव्या नर्सला हादरवून सोडते. त्या दिवसांत जवळ कुणी नसेल तर चांगल्या मुली नोकरी सोडतात, काही हा पेशाच सोडतात. आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुकांची किंमत रुग्ण मोजतो.

वाट कशी आखायची?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन सीईटीमार्गे चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग हा सरळ मार्ग. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा डिप्लोमा तीन वर्षांचा आहे. तो केलेल्यांना नोंदणीनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे जीएनएमला गेलेल्यांची वाट बंद होत नाही.

पदवीनंतर दोन-तीन वर्षं एकाच प्रकारच्या वॉर्डात नेटाने काम करा. आयसीयू, नवजात शिशू कक्ष, प्रसूतिगृह, काहीही चालेल. त्या जोडीला क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी यांसारखा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. बीएलएस आणि एसीएलएस हे जीवरक्षणाचे अभ्यासक्रम झाल्यावर पुढे त्याच अभ्यासक्रमांचं इन्स्ट्रक्टर होता येतं, आणि शिकवण्याची पहिली संधी बऱ्याच जणींना तिथेच मिळते.

कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर दोन वर्षांचं एमएस्सी नर्सिंग हवं. त्यासाठी पदवीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. म्हणून पदवीचे गुण पहिल्या वर्षापासून सांभाळा. कायदाही बदलतो आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला. तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीचे नियम आणि कॉलेजची मान्यता स्वतः तपासा.

पालकांनी काय विचारावं?

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि बस यांच्याआधी रुग्णालय बघा. ते कॉलेजचं स्वतःचं आहे का? किती खाटांचं? त्या खाटांवर रुग्ण असतात का? वॉर्डात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षिका थांबते का, की मुलांना सोडून ती निघून जाते? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण मानलं जातं, ते पाळलं जातं का? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुलींशी एकांतात बोललात तर माहितीपत्रकात नसलेलं बरंच कळेल.

या वाटेवरची अडचणही सांगायला हवी. बऱ्याच ठिकाणी प्रिसेप्टरला वेगळा भत्ता मिळत नाही आणि तिचे रुग्णही कमी केले जात नाहीत. दोन्ही ओझी एकदम पेलताना चांगल्या नर्स थकतात. ही जबाबदारी घेताना तीन गोष्टी लेखी मागा: प्रशिक्षण, रुग्णसंख्येत सवलत आणि अनुभव प्रमाणपत्रात या कामाचा उल्लेख. रुग्णालयांनी हे स्वतःहून द्यायला हवं, कारण नवी नर्स टिकली तर फायदा त्यांचाच आहे.

आणि मुलीची पहिली नोकरी ठरवताना पगाराचा आकडा ऐकला की थांबू नका. मुलाखतीत तिला विचारू द्या, “मला प्रिसेप्टर कोण असेल, आणि किती आठवडे?” ज्या रुग्णालयाकडे याचं नेमकं उत्तर आहे, तिथे पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्यावी. पहिल्या वर्षी तिथे तिच्या हाताला जे वळण लागेल ते जन्मभर पुरेल, आणि पुढे तिला शिकवायचं असेल तर शिकवणं कसं असतं हेही ती तिथेच पाहील.