परवान्याचे शस्त्र आणि समुद्रपर्यटन

ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्याला कालांतराने ती घरातील इतर वस्तूंसारखीच एक वस्तू वाटू लागते. परवान्याचे पुस्तक पेटीत असते, बंदूक खुंटीला असते आणि दोन्ही वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असतात. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी रानडुकरांपासून शेत-बागायत राखण्यासाठी बंदूक घेतली, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दुसरीकडे, मुरगाव बंदरात पर्यटक-नौका येतात. मुंबई-गोवा अशा समुद्रसफरी होतात. आणि गोव्यातील शेकडो तरुण अशा नौकांवर नोकरी करून संसार चालवतात. शेतातील बंदूक आणि समुद्रावरील सहल या दोन गोष्टी आता एकाच घरात नांदू लागल्या आहेत. म्हणून एका साध्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक असणे आवश्यक झाले आहे: परवाना जवळ असल्यास शस्त्र बरोबर घेऊन सफरीच्या नौकेवर चढता येते काय?

उत्तर स्पष्ट आहे. प्रवाशाला तसे करता येत नाही. मात्र ते का, हे समजून घेतल्याशिवाय नियमाविषयी आदर निर्माण होत नाही. म्हणून त्यामागील कारणांचा क्रमाने विचार करू.

परवान्याच्या मर्यादा

भारतात शस्त्रांविषयीचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम ३ नुसार परवान्यावाचून कोणालाही अग्निशस्त्र किंवा त्याचा दारूगोळा संपादन करता येत नाही, जवळ बाळगता येत नाही आणि बरोबर नेताही येत नाही. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली.

परवाना ही एक मर्यादित अनुमती आहे. तो विशिष्ट व्यक्तीला मिळतो, विशिष्ट शस्त्रासाठी मिळतो, विशिष्ट मुदतीपुरता मिळतो आणि विशिष्ट क्षेत्रापुरता चालतो. हे क्षेत्र परवान्यावर लिहिलेले असते. पीक-संरक्षणासाठी दिलेल्या परवान्याचे क्षेत्र तर फारच आखूड असते. तेव्हा गोव्यापुरताच परवाना असलेला शेतकरी आपली बंदूक घेऊन मुंबईच्या बंदरात उतरला, तर त्या बंदरात त्याच्या परवान्याला अर्थ उरत नाही. त्याने दुसरा कोणताही अपराध केलेला नसला, तरी हद्द ओलांडण्याने परवान्याच्या शर्तीचा भंग होतो.

नौकेवर तिघांचा अंमल

जमिनीवर माणूस एका वेळी एकाच राज्याच्या कायद्याखाली वावरतो. नौकेवर मात्र तीन अधिकार एकत्र येतात.

पहिला अधिकार ध्वजाचा. प्रत्येक नौका कोणत्या तरी देशात नोंदलेली असते आणि खुल्या समुद्रात तिच्यावर त्याच देशाचा कायदा चालतो. पनवेलच्या किंवा फोंड्याच्या प्रवाशाने भरलेली नौका दूरच्या एखाद्या लहान देशाचा ध्वज लावून चालत असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

दुसरा अधिकार किनाऱ्याचा. भारताच्या १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानुसार आपली प्रादेशिक जलमर्यादा किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. नौका ज्या देशाच्या बंदरात शिरते, त्या देशाचे पोलीस आणि सीमाशुल्क अधिकारी तिच्यावर येऊन तपासणी करू शकतात.

तिसरा अधिकार कप्तानाचा आणि नौका चालवणाऱ्या कंपनीचा. तिकीट घेताना प्रवासी कंपनीच्या अटी मान्य करतो, आणि मोठ्या पर्यटक-नौकांच्या अटींत अग्निशस्त्रे, काडतुसे व स्फोटके यांना बंदी असते. बहुधा खेळण्यातील हुबेहूब पिस्तुले आणि लांब पात्याचे सुरेही त्याच यादीत असतात. कोकणी गृहिणी नातेवाइकांकडे नेण्यासाठी विळी किंवा कोयता सामानात ठेवते. तोही दारातच अडवला जाऊ शकतो.

घरचा परवाना या तिघांपैकी कोणालाही बांधून ठेवत नाही.

बंदी कशामुळे कडक झाली

एके काळी समुद्रप्रवासात बंदुकीचे वावडे नव्हते. मोठ्या प्रवासी जहाजांच्या मागील भागावरून मातीच्या चकत्या हवेत उडवून त्यांवर नेम धरण्याचा खेळ चालत असे. बंदुका अर्थात जहाजाच्या असत. तरीही प्रवाशांच्या सामानाची विमानतळासारखी काटेकोर झडती बंदरांत रूढ नव्हती.

ऑक्टोबर १९८५ मधील एका घटनेने हे चित्र पालटले. ‘अकिले लाउरो’ ही इटालियन पर्यटक-नौका भूमध्य समुद्रातून चालली होती. ७ ऑक्टोबर रोजी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ चार सशस्त्र इसमांनी तिचा ताबा घेतला. हे चौघे बाहेरून चालून आले नव्हते. ते इटलीतील जिनोआ बंदरात इतरांसारखेच प्रवासी म्हणून चढले होते आणि शस्त्रे त्यांनी आपल्याबरोबरच आणली होती. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका वृद्ध अमेरिकन प्रवाशाला त्यांनी ठार केले. बंदरातील दरवाजावर सामान नीट पाहिले गेले असते, तर ही हत्या टळण्याचा संभव होता.

या घटनेनंतर राष्ट्रांनी एकत्र येऊन सागरी सुरक्षेचा विचार सुरू केला. १० मार्च १९८८ रोजी रोम येथे सागरी वाहतुकीविरुद्धच्या हिंसक कृत्यांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याला अनुसरून २००२ साली कायदा केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता संमत झाली आणि १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. आज प्रवासी नौकेवर चढण्यापूर्वी माणसाची आणि सामानाची तपासणी होते, ती याच क्रमातून आली आहे. तपासनीस प्रवाशावर अविश्वास दाखवत असतो असे मानू नये. हजारो माणसे अनेक दिवस एकाच छपराखाली राहणार असतात. तेथे कोणाच्या खोलीत काय आहे याची खात्री सर्वांच्याच हिताची असते.

विमानाचे उदाहरण येथे चालत नाही

काही परवानाधारक असा युक्तिवाद करतात, की विमानाने जाताना रिकामे शस्त्र रीतसर घोषित करून नोंदवलेल्या सामानात देता येते. मग नौकेवर का नाही? फरक सामान ठेवण्याच्या पद्धतीत आहे. विमानात नोंदवलेले सामान प्रवास संपेपर्यंत प्रवाशाच्या हाती लागत नाही. पर्यटक-नौकेत सामान थेट प्रवाशाच्या खोलीत पोहोचते आणि प्रवासभर त्याच्या उशाशी असते. शिवाय समुद्रात दुर्घटना घडल्यास पोलिसांची मदत लगेच पोहोचू शकत नाही.

परदेशी बंदरातील धोका

शस्त्र अधिनियमाच्या कलम १० मध्ये शस्त्रांच्या आयात-निर्यातीस परवाना आवश्यक ठरवला आहे. मात्र ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्याला खाजगी वापरापुरते शस्त्र देशाबाहेर नेण्यास किंवा आत आणण्यास त्यात सवलत आहे. ही तरतूद वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. भारताच्या कायद्याने आपल्या घराचे दार उघडले, म्हणून शेजाऱ्याचे दार उघडत नाही.

कॅरिबियन प्रदेशातील टर्क्स आणि कैकोस बेटांचे उदाहरण बोलके आहे. तेथे शस्त्र किंवा काडतूस बेकायदा बाळगण्यास किमान १२ वर्षे कारावासाची तरतूद होती. २०२४ साली सामानात काडतुसे सापडल्यामुळे काही अमेरिकन पर्यटकांना तेथे अटक झाली. मायदेशी बंदूक बाळगणे त्यांना मोकळे होते आणि काडतुसे पिशवीत चुकून राहिली, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये त्या बेटांनी कायदा बदलून शिक्षेबाबत न्यायाधीशांना अधिक मोकळीक दिली. परंतु तोवर ती कुटुंबे महिनोन्‌महिने परक्या भूमीवर अडकून पडली.

आपल्या किनाऱ्यावरही असा प्रसंग घडला आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ अडवून तुतिकोरीन बंदरात आणले गेले. समुद्री चाच्यांपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करणारे खाजगी पहारेकरी त्यावर होते. त्यांच्याजवळ ३५ बंदुका आणि पाच हजारांहून अधिक काडतुसे आढळली. शस्त्रे बाळगण्याची अनुज्ञा असल्याचा त्यांचा दावा होता. तथापि ३५ जणांवर खटला चालला, जानेवारी २०१६ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने त्यांची मुक्तता केली. मुक्तता झाली खरी, पण मधली चार वर्षे परत मिळाली नाहीत. शस्त्राचा धंदाच करणाऱ्यांची ही अवस्था, तर सहलीला निघालेल्या गृहस्थाने काय बोध घ्यावा हे सांगणे नको.

अपवाद कोणाला

नौकेवर शस्त्र कधीच नसते, असा याचा अर्थ नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे सागरी नौकेच्या नेहमीच्या शस्त्रसामग्रीचा किंवा साधनांचा भाग असलेल्या शस्त्रांना हा कायदा लागू होत नाही. नॉर्वेच्या अतिउत्तरेकडील स्वालबार बेटांवर पर्यटकांना किनाऱ्यावर नेताना पांढऱ्या अस्वलांचे भय असते. म्हणून नौकेचे शिक्षित रक्षक बंदूक घेऊन पुढे जातात. जुलै २०१८ मध्ये तेथे एका जर्मन पर्यटक-नौकेच्या रक्षकावर अस्वलाने हल्ला केला आणि ते अस्वल मारले गेले. येथेही शस्त्र असते ते नौकेचे, ठरलेल्या कामापुरते आणि शिक्षित माणसाच्या हाती. प्रवाशाच्या पेटीतील शस्त्राला त्यामुळे मुभा मिळत नाही.

विसरलेले काडतूस

प्रत्यक्षात अधिक माणसे अडकतात ती बंदुकीमुळे नव्हे, तर विसरलेल्या काडतुसामुळे. शेतावर नेलेली पिशवी, जुना कोट, वडिलांची पेटी यांच्या कोपऱ्यात एखादे जिवंत काडतूस राहून जाते आणि क्ष-किरण यंत्रात ते स्पष्ट दिसते. ‘गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या १९७२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की ताबा ठरवताना त्या वस्तूची जाणीव असणे हा आवश्यक घटक आहे. हे तत्त्व निरपराध्याला तारते. परंतु जाणीव नव्हती हे न्यायालयापुढे यायला अटक, जामीन, वकील आणि तारखा यांतून जावे लागते. कलम ३ च्या भंगास कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सर्वसाधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड आहे. नौकेवर नोकरी करणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तर एका काडतुसाने घरच्या चुलीवरच संकट येते.

परवानाधारकाने काय करावे

१. सफरीला निघण्यापूर्वी शस्त्र व काडतुसे नियमांनुसार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी द्यावीत आणि पावती घ्यावी. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या ताडून पाहावी.

२. शेजाऱ्याच्या किंवा परवाना नसलेल्या नातलगाच्या स्वाधीन शस्त्र करू नये. असे केल्यास दोघेही दोषी ठरू शकतात.

३. शेतावर किंवा शिकारीच्या जुन्या दिवसांत वापरलेली पिशवी प्रवासाला नेऊ नये. न्यावीच लागल्यास ती उलटी करून, अस्तर आणि खिसे चाचपून पाहावेत.

४. परवान्यावरील क्षेत्र, मुदत आणि शर्ती वाचाव्यात. वाचता येत नसल्यास शिक्षकाकडून किंवा तलाठ्याकडून वाचून घ्याव्यात.

५. तिकिटाबरोबर दिलेली निषिद्ध वस्तूंची यादी पाहावी. शंका असल्यास बंदरात जाण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी.

६. बंदराच्या दरवाजावर काही निषिद्ध वस्तू सामानात असल्याचे आठवल्यास लपवू नये. तपासणीपूर्वी स्वतःहून सांगावे.

७. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी शस्त्र नेणे आवश्यक असल्यास सहलीच्या नौकेचा विचार करू नये. संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन ठरलेल्या मार्गानेच ते न्यावे.

परवाना देताना शासन एका नागरिकावर विश्वास टाकते. शस्त्र कोठे न्यावे यापेक्षा ते कोठे ठेवून जावे हे ज्याला कळते, तो त्या विश्वासास पात्र ठरतो. सुरक्षित ठेवीची पावती खिशात असलेला गृहस्थ समुद्राची हवा निर्धास्तपणे घेऊ शकतो.

चर्चेसाठी प्रश्न

(अ) परवान्याच्या चार मर्यादा कोणत्या? गावातील एखाद्या परवान्यावरून त्या दाखवा.

(आ) खुल्या समुद्रात आणि बंदरात नौकेवर कोणाकोणाचा कायदा चालतो?

(इ) ‘अकिले लाउरो’ प्रकरणानंतर प्रवाशांच्या तपासणीत कोणता बदल झाला आणि का?

(ई) शस्त्राची जाणीव नसणे आणि तपास टळणे, या दोन गोष्टींतील फरक उदाहरणाने सांगा.