वर्गांत संगणक-प्रकल्पाच्या फाइली देण्याविषयीं

फळ्यावरील उदाहरण वहींत उतरून घेतांना एकादा अंक चुकला, तर ती चूक विद्यार्थ्यास स्वतः शोधून काढतां येते. संगणकाच्या आज्ञावलीचें तसें नाहीं. शाळेंत सुरळीत चालणारा प्रकल्प घरीं गेल्यावर चालेनासा होतो, पडद्यावर इंग्रजी दोषसूचना उमटते, आणि मूल मनाशीं ठरवून टाकतें कीं, हा विषय आपल्या आवाक्यांतला नव्हे. वस्तुतः पुष्कळदां उणेपण मुलाच्या बुद्धींत नसून फाइली ज्या रीतीनें त्याच्या हातीं आल्या त्या रीतींत असतें. तिचाच थोडा विचार येथें करूं.

पायथॉन भाषेंतील एक लहानसा प्रकल्प घ्या. एका फाइलींत पावसाच्या रोजच्या नोंदी आहेत. दुसरींत त्या वाचून महिन्याची बेरीज करणारी आज्ञावली आहे. आज्ञावलींत नोंदींचा पत्ता शिक्षकाच्या संगणकावरील सर्व फोल्डरांच्या नांवांसह लिहिलेला असला, तर दुसरीकडे तो निरुपयोगी होय. आमच्या घरचें फडताळ शेजाऱ्याच्या घरीं कसें सांपडावें? म्हणून फाइलीचें केवळ नांव लिहावें, दोन्ही फाइली एकाच फोल्डरांत ठेवाव्या, आणि आज्ञावली तेथूनच चालवावी. नोंदींत गांवांचीं नांवें देवनागरींत असतील, तर फाइल यूटीएफ-८ या संकेतानें जतन करावी व ती उघडण्याच्या आज्ञेंतहि तो संकेत स्पष्ट लिहावा; एरवीं 'सातारा' या शब्दाच्या जागीं अर्थहीन चिन्हांची रांग दिसण्याचा संभव असतो.

मग तें फोल्डर झिप करून द्यावें. मात्र येथें एक मेख आहे. विंडोजमध्यें झिप फाइल उघडली कीं आंतील फाइली दिसूं लागतात, आणि मुलें तेथेंच आज्ञावलीवर टिचकी मारतात. त्या वेळीं तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागीं काढली जाते; नोंदी मागेंच राहतात. प्रथम सर्व फाइली बाहेर काढाव्या, हें वर्गांत एकदां करून दाखवणें दहा वेळां सांगण्याहून बरें.

आज्ञावली निरोपाच्या मजकुरांत चिकटवून पाठवूं नये हें उत्तम. वाटेंत सरळ अवतरणचिन्हें वांकडीं होतात, ओळीच्या आरंभीं सोडलेली जागा नाहींशी होते. आणि पायथॉनमध्यें त्या जागेवरच अर्थ अवलंबून असतो.

सर्वांस एकच सामाईक फाइल देऊन तींत फेरफार करण्याची मुभा ठेवणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. एकाचा हात चुकला तर तीस जणांचें काम बिघडतें. गूगल क्लासरूममध्यें प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र प्रत देण्याची सोय आहे, ती वापरावी. एम. आय. टी. या संस्थेंत तयार होऊन २००७ सालीं सर्वांस खुल्या झालेल्या स्क्रॅचच्या स्थळावर तर दुसऱ्याच्या प्रकल्पाची प्रत घेऊन ती बदलणें यास 'रीमिक्स' असें नांवच आहे, व मूळ कर्त्याचा उल्लेख तेथें आपोआप राहतो. प्रत घेणें आणि नक्कल करणें यांतील भेद मुलांस समजावण्यास याहून सोपें साधन आम्हांस ठाऊक नाहीं.

वरच्या वर्गांतील मुलांस गिट शिकवावें. लिनस टॉरवल्ड्स यांनीं तें २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं रचलें. कोणीं, केव्हां, कोणती ओळ बदलली याची नोंद त्यांत राहते व पूर्वीची स्थिति परत आणतां येते. लहानांस त्याची घाई नको. फोल्डराच्या नांवांत तारीख घालून प्रत ठेवण्याची संवय त्यांस पुरे.

आतां पालकांकरितां दोन शब्द. ज्या घरीं संगणक नाहीं, केवळ एक फोन आहे, त्या मुलानें शिक्षकांकडून आज्ञावली कागदावर छापून घ्यावी. एकेक ओळ वाचून तिचा परिणाम वहींत मांडावा, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंतील संगणकावर तो पडताळून पाहावा. दोन्हींत फरक पडला, तर तो कागद शिक्षकांस अवश्य दाखवावा. पुढचा तास तेथूनच सुरू करतां येतो.