संधिविकारांत व्यायाम : मात्रा व निषेध

पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत तासन् तास बसून रंगकाम करणारे कारागीर, रोह्याच्या खाचरांत ओणवे राहून भातलावणी करणाऱ्या स्त्रिया आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीभर उभे असणारे कामगार एकच प्रश्न विचारतात, ‘सांधे दुखतात, व्यायाम करावा की विश्रांती घ्यावी?’ भिगवण (जि. पुणे) येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी सुरू केलेल्या कॉपकॉर्ड पाहणीनेही ग्रामीण भागात या तक्रारी किती सर्रास आढळतात, हे दाखवून दिले. प्रश्नाचे उत्तर मात्र व्याधिनिश्चयावर अवलंबून आहे.

संधिगत वातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. येथे स्नेहन, मृदु स्वेदन व नियमित व्यायाम हितावह होत. मांडीच्या स्नायूंचे बल वाढल्यास गुडघ्यास आधार मिळतो. खुर्चीत बसून पाय सरळ करावा, ५ सेकंद धरावा, सावकाश खाली घ्यावा. प्रत्येक पायाने १० वेळा. सपाट जागी १० मिनिटे चालण्यापासून आरंभ करावा. उकिडवे बसणे व जिने टाळावेत.

आमवातात ताठरपणा तासाहून अधिक टिकतो. सांधे सुजलेले व उष्ण असतात. माधवनिदानात स्निग्ध भोजनानंतरचा व्यायाम या व्याधीच्या हेतूंत सांगितला आहे. सामावस्थेत लंघन, दीपन व वालुकास्वेद योजावा. तैलाभ्यंग व श्रम वर्ज्य करावेत. सुजलेला सांधा भार न देता दिवसातून एक-दोनदा हळुवार हलवावा, एवढेच. सूज उतरल्यावर व्यायाम क्रमाने वाढवावा. पूर्ण विश्रांती दीर्घकाळ दिल्यास स्नायू क्षीण होतात व सांधा आखडतो, हेही विसरू नये.

मात्रेसाठी अर्धशक्तीचा शास्त्रोक्त निकष पुरेसा आहे: कपाळ व काखेत घाम आला, तोंडास कोरड पडली की थांबावे. व्यायामानंतर २ तासांहून अधिक वेदना राहिल्यास दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: ताठरपणा किती वेळ राहतो? सांधा गरम आहे काय? ताप आहे काय? पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर आमवाताकडे निर्देश करीत असल्यास तेल न देता रुग्णास वैद्याकडे पाठवावे. ज्वरासह एकच सांधा अकस्मात लाल, उष्ण व अतिवेदनायुक्त झाला असल्यास जंतुसंसर्गाची शंका धरून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. तेथे विलंबाने सांधा कायमचा निकामी होतो. मेथोट्रेक्सेट वा स्टेरॉइड घेणाऱ्यास ती औषधे परस्पर बंद करण्यास सांगू नये.