उपयोगसुलभतेची कसोटी

मधुमेही रुग्णाने मोबाइलवरील आरोग्य-अ‍ॅपमध्ये रक्तशर्करेचा आकडा चुकीचा नोंदविला, की दोष सहसा त्याच्याच माथी मारला जातो. वस्तुतः तो पडद्याच्या रचनेतही असू शकतो. भारतात प्रचलित असलेले १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ब्रिटनमधील ७ मिलिमोल प्रति लिटर. एकक ठळक नसेल, तर घोटाळा व्हावयास वेळ लागत नाही. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये रचलेली दहा विधानांची श्रेणी वापरणाऱ्याचे मत ० ते १०० गुणांत मोजते. परंतु तो नेमका कोठे अडला, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्याला प्रत्यक्ष नोंद करावयास व मनातील विचार बोलून दाखवावयास सांगून परीक्षकाला मूकपणे पाहत राहावे लागते. मदतीचा मोह आवरणे, हेच यातील अवघड काम! रचना सुधारल्यावर तीच नोंद नव्या रुग्णांकडून पुन्हा करवून घेतात. आधी शिकलेल्याची साक्ष येथे चालत नाही.