मोरचूद : त्याचे गुणधर्म व कृति

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, गोठ्यांतील फळीवर अथवा खताच्या पोत्यांमागें, निळ्या खड्यांची एक पुडी पडलेली असते. तें मोरचूद होय. त्याचा रंग मोराच्या मानेसारखा, म्हणून संस्कृत ग्रंथांत त्यास तुत्थ याबरोबरच शिखिग्रीव असेंही नांव आहे. वस्तु परिचयाची खरी. परंतु तिचा स्वभाव न जाणतां ती वापरल्यानें पीक हातचें जातें, आणि कधीं याहूनही मोठें नुकसान होतें.

तांबें, गंधक व प्राणवायु यांच्या संयोगानें हा क्षार झालेला आहे, आणि त्याच्या स्फटिकांत पाणी कोंडलेलें असतें. एक खडा खापरावर तापवावा. पाणी उडून जाऊन त्याची पांढरी भुकटी होते. ती निवल्यावर तिजवर पाण्याचा थेंब टाकावा. ती तत्काळ निळी होते व ऊनही लागते. स्फटिकाच्या शंभर भागांत सुमारें ३६ भाग पाणी व २५ भाग तांबें असतें. म्हणजे मोरचुदाचें निळेपण त्या कोंडलेल्या पाण्यावर अवलंबून आहे, हें ऐकून कोणासही नवल वाटेल.

तें करण्याची रीत अशी. तांब्याचा पत्रा हवेंत लाल होईपर्यंत तापविला म्हणजे त्यावर काळी खपली धरते. ही खपली पाणी घातलेल्या ऊन गंधकाम्लांत विरघळते व द्रव निळा होतो. तो गाळून आटवून सावकाश निवूं दिला म्हणजे स्फटिक बसतात. निव्वळ तांबें सौम्य गंधकाम्लांत विरघळत नाहीं. त्यास हवेंतील प्राणवायूचें साहाय्य लागतें. म्हणूनच कारखान्यांतून मोडीचें तांबें व अम्ल यांतून हवा खेळवितात. हें आम्ही समजण्यासाठीं लिहितों, घरीं करण्यासाठीं नव्हे. गंधकाम्लानें हात व डोळे जातात.

आतां आमचीच एक फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं अंगणांतील द्राक्षवेलीसाठीं आम्हीं जस्ती बादलींत मोरचूद रात्रभर भिजत घातलें. सकाळीं पाहतों तों निळा रंग फिका पडलेला आणि बुडाशीं तांबूस काळा गाळ. दुकानदारानें भेसळ केली असें समजून आम्ही त्याच्याशीं भांडलों. दोष त्याचा नव्हता. जस्त किंवा लोखंड या द्रवांत आलें म्हणजे तें स्वतः विरघळतें व तांबें बाहेर टाकतें. आमचें तांबें बादलीच्या बुडाशीं बसलें, वेलीवर गेलेंच नाहीं. त्या पावसाळ्यांत सारीं पानें केवड्यानें गेलीं. दुकानदाराची क्षमा मागावी लागली ती निराळीच. मातीचें, लांकडी अथवा प्लास्टिकचें भांडें घ्यावें.

केवड्यावरील या औषधाचा शोध फ्रान्स देशांत लागला. बोर्डो शहराजवळील मेडॉक प्रांतांत रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षें वाटसरू तोडीत, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद व चुना शिंपडून पानें किळसवाणीं करीत. १८८२ सालीं मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञास दिसलें कीं, त्याच वेली रोगापासून वांचल्या आहेत. प्रयोग करून त्यानें १८८५ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाईतदार आणि कोंकणांतील पोफळीवाले ज्यास बोर्डो मिश्रण म्हणतात, तें हेंच.

१०० लिटर मिश्रणासाठीं १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना घ्यावा. मोरचूद ५० लिटर पाण्यांत विरघळवावें. चुना निराळ्या भांड्यांत विरवून, थंड झाल्यावर गाळून, ५० लिटर दूध करावें. मग मोरचुदाचें पाणी चुन्याच्या दुधांत हळूहळू ओतून ढवळीत राहावें. उलट करूं नये. गाळ जाड होऊन पंपाचें तोंड बुजतें. शेवटीं घांसून स्वच्छ केलेलें चाकूचें पातें क्षणभर बुडवावें. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळें मोरचूद उरलें आहे, आणि तें कोंवळीं पानें करपवील. चुन्याचें दूध आणखी घालावें. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. तें पानावर बसून बुरशीचें बीज रुजूं देत नाहीं. आंत शिरलेला रोग त्यानें बरा होत नाहीं, म्हणून रोग दिसण्यापूर्वींच फवारावें.

मोरचूद विष आहे. पूर्वीं वैद्य व डॉक्टर वांती करविण्यास तें देत. ती चाल आतां सोडून दिलेली आहे, कारण त्यानें रक्तांतील लाल पेशी फुटतात आणि यकृत व मूत्रपिंडें बिघडतात. लेंकरांस तें रंगीत खडीसाखरेसारखें दिसतें. कोणीं तोंडांत घातलें तर वांती करविण्याच्या खटपटीस न लागतां तोंड धुवावें व पुडीसह रोग्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. पुडी कुलपांत ठेवावी. पंप धुतलेलें पाणी ओढ्यांत किंवा तळ्यांत सोडूं नये; थोड्याशा तांब्यानेंही मासे मरतात.