सायकलची ट्यूब का फुटते?

ट्यूब पंक्चर होणे आणि ट्यूब फुटणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काटा रुतला तर हवा हळूहळू जाते; फार तर ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि उतरायला वेळ मिळतो. ट्यूब फुटते तेव्हा फटाक्यासारखा बार होतो आणि क्षणात चाक रिमवर येते. पुढच्या चाकाचे असे झाले, तर सायकल हातात राहत नाही. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

1983 सालचा मे महिना. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आदल्या रात्री पुढच्या चाकाचे पंक्चर मी घरीच काढले होते आणि दुकानाचे पैसे वाचवले म्हणून ऐटीत होतो. दुसऱ्या दिवशी सायकल दुपारभर उन्हात उभी होती. संध्याकाळी धाकट्या भावाला दांडीवर बसवून टिळकवाडीहून शहापूरकडे निघालो. रेल्वे फाटकाच्या अलीकडेच बार झाला. मला खरचटले, भावाचा हात कोपराजवळ मोडला. आजही तो हात पुरता सरळ होत नाही. घरात सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. मीही दिला, कारण ते सोयीचे होते.

सायकलच्या दुकानातल्या अण्णांना मात्र ते पटले नाही. त्यांनी ट्यूब हातात घेतली. व्हॉल्व्हच्या बाजूलाच वीतभर लांब चीर होती आणि टायर शाबूत होता. “गाळी अल्ल तम्मा, अवसर,” ते म्हणाले. हवा नव्हे, घाई. टायर कोणी चढवला, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही.

पुढे मी गणित करून पाहिले. हवेचा दाब 45 पौंड भरला असेल, तर वातावरणाचा सुमारे 15 पौंड दाब मिळवून एकूण दाब 60 होतो. हवेचे तापमान 25 अंशांवरून 55 अंश सेल्सिअसवर गेले, म्हणजे निरपेक्ष मापाने 298 वरून 328 वर गेले, तर 60 चे 66 होतात. पंपाच्या भाषेत 45 चे 51. एवढ्या सहा पौंडांनी धड बसवलेली ट्यूब फुटत नाही. उन्हाने फक्त शेवटचा धक्का दिला. चूक आदल्या रात्रीच झालेली होती.

ती चूक समजायची, तर दाब नेमके कोण पेलते हे पाहिले पाहिजे. आपल्या साध्या काळ्या सायकलचा टायर 28 बाय दीड इंची असतो. म्हणजे आतल्या पोकळीची त्रिज्या पाऊण इंच. दाब गुणिले त्रिज्या या हिशेबाने टायरच्या प्रत्येक इंचाच्या पट्टीवर सुमारे 34 पौंड, म्हणजे 15 किलोंचा ताण येतो. तो ट्यूबचे पातळ रबर पेलत नाही. टायरमधला दोऱ्यांचा थर पेलतो. ट्यूबचे काम हवा गळू न देणे, एवढेच. ती टायरच्या कडेखालून बाहेर डोकावली, की तिथे फुग्यासारखी फुगू लागते. फुगली की त्रिज्या वाढते, त्रिज्या वाढली की ताण वाढतो, आणि शेवटी बार होतो. टायरच्या आत कोंडलेल्या ट्यूबला भोक पडले तर असा बार होऊच शकत नाही. म्हणून बार ऐकू आला की समजावे, ट्यूब कुठून तरी बाहेर आली होती. एक तर कड नीट बसली नव्हती, नाही तर टायरच फाटला होता.

डनलॉपने 1888 साली बेलफास्टमध्ये बनवलेला हवेचा टायर चाकाला पक्का चिकटवलेला असे. काठात तार असलेला आणि काढता-घालता येणारा टायर वेल्च या इंग्रज गृहस्थाने 1890 साली पेटंट केला. त्यातली खुबी रिमच्या मधल्या खोलगट भागात आहे. तार ताणत नाही. मग ती रिमच्या काठावरून चढते कशी? समजा, खोलगट भाग 5 मिलिमीटर खोल आहे. तार तिथे उतरली की लागणारा परीघ दोन पाय गुणिले 5, म्हणजे 31 मिलिमीटरनी कमी होतो. सव्वा इंच ढिलाई फुकट मिळते! चाक लहान असो वा मोठे, उत्तर तेच येते. (आमच्या वर्गात हे कोणी सांगितले असते, तर परीघाचे सूत्र मी कधीच विसरलो नसतो.)

आता कृती. टायरच्या आतून चिंधी फिरवावी. काटा राहिला असेल तर चिंधी अडकते. ट्यूबला शंखजिरे लावावे आणि ती गोल होईल इतकीच हवा भरावी. चपटी ट्यूबच कडेखाली चिमटते. दुसरी कड चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. कारण तिथे ट्यूबचे बूड जाड असते आणि तार खोलगट भागात उतरू शकत नाही. शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनीच चढवावा. जमत नसेल तर समोरची तार मध्यभागी ढकलावी, हवे तर साबणाचे पाणी लावावे. स्क्रू-ड्रायव्हर मात्र घालू नये.

व्हॉल्व्हची चकती आधीच आवळणे, ही माझी चूक होती. त्यामुळे ट्यूबचे बूड कडेखाली अडकून राहिले. चकती ढिली ठेवून व्हॉल्व्ह अंगठ्याने आत ढकलावा, कड खाली बसू द्यावी, मग व्हॉल्व्ह ओढून चकती आवळावी.

यानंतर दोन्ही बाजूंनी टायर दाबत पूर्ण चाक फिरवून पाहावे. ट्यूब कुठेही दिसता कामा नये. अर्धी हवा भरून चाक गरकन फिरवावे. टायरच्या काठाची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसली, तरच उरलेली हवा भरावी. एखाद्या जागी टायर वर आलेला दिसला, तर हवा सोडून पुन्हा बसवावा. या तपासणीला दोन मिनिटे लागतात.

हवा कमी ठेवणे हा उपाय नव्हे. खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. रिमची पट्टी सरकली असेल तर स्पोकचे टोक ट्यूबला घासते. टायरची बाजू चिरली असेल, तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येते. त्यापुढे नवा टायर घ्यावा.

वीतभर चिरलेल्या ट्यूबला ठिगळ लागत नाही. अण्णांनी माझ्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि कॅरिअरला पुस्तके बांधायला मला दिल्या.