पहिल्या पाण्यातली अंडी जपा

मृगाचा दमदार पाऊस झाला की कनेरगाव नाका परिसरात, धुऱ्याकडेच्या डबक्यांतून आणि पैनगंगेकडे जाणाऱ्या ओढ्यांतून रात्रभर डराव डराव ऐकू येते. मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, माद्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. नेमक्या याच दिवसांत आपली हळदीची बेणेप्रक्रिया, सोयाबीनची पेरणी आणि तणनाशकाची फवारणी चालू असते. धुतलेल्या पंपाचे पाणी ओढ्यात गेले की ते थेट या अंड्यांना लागते.

बेडकाच्या अंड्याला कवच नसते, नुसते बुळबुळीत आवरण असते. त्यातून निघालेले बेडूकमासे कल्ल्यांनी श्वास घेतात. पुढे महिना-दीड महिन्यात पाय फुटतात, शेपूट जिरते. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉससारखी कीटकनाशके त्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतात. पोहणे मंदावते, वाढ खुंटते. ग्लायफोसेटच्या काही औषधांतला साबणासारखा घटक कल्ल्यांना इजा करतो. वाहून आलेल्या युरियाचा अमोनियाही बाधतो.

यात तोटा आपलाच. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा बेडूक आणि भेक रात्रभर शेतात फिरून भुंगेरे, अळ्या, नाकतोडे टिपतात. भारताने 1987 मध्ये बेडकांच्या पायांची निर्यात थांबवली, त्यामागे पिकांच्या या राखणदारांची काळजीही होती.

पेरणीपासून पुढचे चाळीस दिवस एवढे पाळा:

1. बेणेप्रक्रियेचे द्रावण लागेल तेवढेच करा. उरलेले ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.
2. रिकामी बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच घ्या. पंप ओढ्यावर धुऊ नका.
3. आभाळ भरून आले असेल तर फवारणी आणि युरिया दोन्ही थांबवा.
4. ओढ्याच्या, शेततळ्याच्या काठचे गवत राखा. त्या पट्ट्यात तणनाशक मारू नका.
5. भुंगेऱ्यांसाठी प्रकाश सापळे लावा, संध्याकाळी झाडे हलवून ते गोळा करा. किडीने नुकसानीची पातळी गाठल्याशिवाय फवारू नका. शंका असल्यास तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

जुलैअखेर धुऱ्यावर नखाएवढी बेडकांची पिल्ले उड्या मारताना दिसली, तर यंदा अंडी वाचली असे समजा. आपली गुरेही त्याच ओढ्याला तोंड लावतात, हे फवारा खांद्यावर घेताना रोज आठवा.